दाजींच्या गाडीतला पिवळा दिवा

बमरोली, सुरत
गुरुवार, सकाळचा चहा झाल्यावर

आदरणीय भटू दाजी,

तुमचा धाकटा मेहुणा सुपडू ऑइलचे हात दोनदा साबणाने धुऊन तुमच्या पायावर डोकं ठेवतो. तुम्ही पाय मागे घ्याल हे माहीत आहे, पण कागदावर ते तुम्हाला जमणार नाही. डावा गुडघा कसा आहे? मागच्या आठवड्यातल्या मंगळवारी तुम्ही आमच्या गल्लीतून पाठ फिरवून निघालात तेव्हा सगळा भार उजव्या पायावर टाकत होतात, एवढं माझ्या नजरेतून सुटलं नाही. (गाडी असो की माणूस, चालीवरून कळतं.) कुसुमताईची रक्तदाबाची गोळी चालू आहे ना? तीन दिवस घेते आणि चौथ्या दिवशी बरं वाटतंय म्हणून बंद करते, लहानपणापासून माझ्या बहिणीचं असंच. नरडाण्यात तुमच्या भिंतीला लागून असलेली पिठाची गिरणी अजून तशीच धडधडते का? आमच्याकडे सगळे जिवंत आहेत. याहून जास्त चांगलं लिहिण्यासारखं काही नाही.

तुम्ही म्हणाल, खिशात मोबाइल असताना हा शहाणा पाकीट कुठून शोधून आणतो. उधन्याच्या पोस्टातून आणलं. तिथल्या बाईंनी आधी गुजरातीत, मग हिंदीत आणि शेवटी हातानेच मला विचारलं की नक्की पाकीटच हवंय का. फोनवर माझं काय होतं ते पुढे येईलच. अक्षर मोठं आहे, कारण जवळचं मला दिसत नाही. कागद जास्त लागले तर ते मनाच्या मोठेपणाने लागले असं समजू नका.

आधी गुन्हा कबूल करतो. तुमची ती पांढरी आठ सीटची गाडी, जिच्यात बसवून तुम्ही आपल्या गावाकडची माणसं लग्नाकार्याला नरडाण्याहून सुरतेला ने-आण करता, ती पिवळा दिवा लागला म्हणून तुम्ही माझ्या गॅरेजमध्ये सोडली, आणि मी म्हणालो, दोन दिवसांत देतो. सोळा दिवस गेले. सोळाव्या दिवशी तुम्ही फोन करून विचारलंत, गाडी झाली का. मी म्हणालो, हो. उद्या न्यायला येऊ का? हो. तुम्ही ताप्ती लाइनच्या पॅसेंजरने, उभ्याने, उधन्याला उतरलात, रिक्षा करून बमरोलीत आलात, आणि बघता तर बॉनेट उघडं, सीटा बाहेर काढलेल्या आणि मी गाडीखाली. बायकोने, सरलाने, तांब्या-पेला पुढे केला. तुम्ही हात लावला नाही. बहिणीचा नवरा दारातून पाणी न पिता गेला, असं आमच्या सात पिढ्यांत झालेलं नाही. (तीन पिढ्यांचं मला माहीत आहे, वरच्या चारांचं अंदाजाने लिहितो.) आणि जाताना, पाठ आमच्याकडे ठेवून, तुम्ही म्हणालात की या घराची पायरी मी पुन्हा चढणार नाही आणि राखीला कुसुमलाही पाठवणार नाही. त्यावर मी गाडीखालून तोंड काढून म्हणालो, बरं बरं, सावकाश जा.

दाजी, ते 'बरं बरं' नऊ दिवस माझ्या छातीत रुतून बसलंय. रुपालीने, आमच्या सुनेने, तासाभराने मला सांगितलं की तुम्ही काय बोललात आणि मी काय उत्तर दिलं. ऐकून मी जो पाना हातात होता तो हातातच धरून बसलो. ते उत्तर मी का दिलं हे सांगायला हे पत्र आहे, पण सरळ सांगता येत नाही, गाडीच्या वाटेनेच यावं लागेल.

सुपडू मिस्तरीचं नाव काय आहे हे तुम्हाला माहीत आहे, तरी लिहितो. पांडेसऱ्यापासून सचिनपर्यंतचे गाडीवाले म्हणतात, सुपडूकाका बॉनेट उघडत नाही, कान लावतो. सतराव्या वर्षी मी गावाहून आलो आणि उधन्यात कापडाच्या लूमवर (आपल्याकडचा यंत्रमाग) लागलो. अकरा वर्षं काढली. एका शेडमध्ये अठ्ठेचाळीस लूम, सगळे एकदम खटाखट, आणि त्यातल्या कुठल्या लूमचा धोटा आता उडणार, ते मला चार लूम अलीकडून कळायचं. तिथे तोंडाने बोलून उपयोग नसतो. समोरच्याचे ओठ बघायचे, हाताने खुणा करायच्या. मुकादमाची शिवीसुद्धा आम्ही डोळ्यांनी ऐकायचो. लूम सोडून गॅरेज टाकलं तेव्हा तोच कान कामाला आला. मोठा स्क्रू-ड्रायव्हर (इथे त्याला डिसमिस म्हणतात) इंजिनवर टेकवायचा, त्याची लाकडी मूठ कानाला लावायची आणि सांगायचं, दुसऱ्या नंबरचा वाल्व. गिऱ्हाईक पाया पडायचं. एकदा एका शेठची गाडी रस्त्याने गेली आणि मी चहा पिता पिता म्हणालो, याचं बेअरिंग शनिवारपर्यंत जाणार. शुक्रवारीच गेलं. (एक दिवस चुकलो, मान्य.)

पण गेली पाच वर्षं काळ काही ठीक नाही. गाड्या मुक्या झाल्या. पूर्वी इंजिन आपलं दुखणं स्वतः सांगायचं, आता बॉनेटखाली सगळं झाकलेलं, नुसती गुणगुण. बॅटरीच्या गाड्यांना तर आवाज नावाची वस्तूच नाही, मागून येऊन ढुंगणाला लागते तेव्हा कळतं. माणसांचं बोलणंही बिघडलं. कोरोनात सगळ्यांनी तोंडाला फडकी बांधली तेव्हापासून लोक पुटपुटायला लागले, आणि फडकी सुटली तरी काहींची खोड राहिली. घरात मात्र उलटं. घरात सगळे माझ्यावर ओरडतात. सरला, जिच्या तोंडून लग्नानंतर दोन वर्षं मी धड शब्द ऐकला नव्हता, ती आता 'चहा घ्या' हेसुद्धा जुनं भांडण उकरून काढल्यासारखं म्हणते. रुपाली लग्न होऊन आली तेव्हा कशी मऊ बोलायची. वर्षभरात तिलाही या घराचं पाणी लागलं. ती 'पप्पा, जेवायला चला' अशी हाक मारते की शेजारच्या घरातले पप्पा ताटावर बसतात. मुलगा कुंदन सचिनच्या कापड कारखान्यातून दमून येतो, चप्पल काढायच्या आधी माझ्या तोंडासमोर उभा राहतो आणि ओरडतो. मी सगळ्यांना माफ केलंय. महागाई आहे, माणसं चिडतात. फक्त एक कुसुमताई अजून पूर्वीसारखी माझ्याशी गोड बोलते. 'कसा शे रे भाऊ, जेवना का?' इतकं स्वच्छ ऐकू येतं की नरडाण्याहून नाही, वरच्या माळ्यावरून बोलतेय असं वाटतं. (गिरणीशेजारी राहून तिचा आवाज मोठा झालाय असं तुम्ही नेहमी म्हणता. मला तो कधी मोठा वाटला नाही.) त्या मंगळवारपासून तिचा फोन नाही.

असो, गाडी. या मुक्या गाड्यांसाठी कुंदनने दिवाळीला मला स्कॅनर आणून दिला. तळहाताएवढं डबडं, त्याला एक शेपटी; शेपटी स्टिअरिंगच्या खालच्या खोबणीत खुपसायची, की डबडं कोड सांगतं. कोड म्हणजे गाडीने केलेली तक्रार, पण तक्रार काय ते न सांगता नुसता तक्रारीचा नंबर. तुमच्या गाडीने नंबर दिला पी शून्य एक सात एक. रुपालीने तो मोबाइलवर शोधला, मोबाइलने त्याचं मराठी केलं: प्रणाली अतिशय कृश. मी चष्मा पुसून दोनदा वाचलं. कुसुमताईच्या दारात उभी राहणारी गाडी, आणि कृश? तिच्या दारातलं कुत्रंसुद्धा कृश नाही. मग हळूहळू अर्थ लागला. इंजिनात हवा जास्त जातेय आणि पेट्रोल कमी पडतंय. असं होण्याची चार-पाच कारणं असतात, आणि दाजी, खोटं सांगत नाही, मी ती सगळी तपासली. फक्त शेवटाकडून सुरुवात केली. जे सगळ्यात सोपं होतं ते सगळ्यात मागे राहिलं, कारण तसं काही असतं तर मला ऐकू आलं असतं, अशी माझी खात्री होती.

आधी पेट्रोलचा पंप बदलला. स्कॅनरने कोड पुसला, दिवा विझला, मी सरलाला म्हणालो, पेढे आण. गाडी घेऊन पांडेसऱ्याकडे फेरी मारली. पहिली फेरी साफ. दुसऱ्या फेरीला, उसाच्या रसाच्या गाड्यासमोर, दिवा लागला. मग हवा मोजणारा सेन्सर काढून धुतला, कोड पुसला. दुसऱ्या फेरीला रसवाल्यासमोर दिवा. मग धुराच्या नळीतला सेन्सर बदलला. रसवाल्यासमोर दिवा. तेव्हा माझा संशय गाडीवरून उठला आणि त्या जागेवर बसला. कोणालाही वाटलं असतं. मी तिथे नारळ फोडला. रसवाल्याला वाटलं काका आपल्या धंद्याला बरकत यावी म्हणून फोडतायत. त्याने मला मोठा ग्लास भरून दिला, काहीतरी विचारलं, मी बरं बरं म्हणालो. रस पिऊन गाडीत बसलो तर दिवा पेटलेला. कुंदन म्हणाला (म्हणजे ओरडला) की पलीकडच्या गल्लीत काचेचं ऑफिस आणि लॅपटॉप असलेलं नवीन गॅरेज निघालंय, गाडी तिकडे न्या. मी म्हणालो, माझ्या बहिणीच्या घरची गाडी दुसऱ्या मिस्तरीच्या दारात उभी राहिली तर मी गॅरेजला कुलूप लावून गावी बकऱ्या राखीन. लूम गेल्यावर माझ्याजवळ कानाशिवाय काही नव्हतं दाजी, ज्यावर घर उभं केलं ते तेवढंच. म्हणून रोज सकाळी डिसमिस लावून ऐकत बसायचो. इंजिन गुणगुणायचं. दुसरं काही नाही, अगदी निरोगी.

याच दिवसांत घरात दुसरं लचांड झालं. आम्ही गॅरेजच्या वरच राहतो. सरला म्हणायला लागली, स्वयंपाकघरात गॅस गळतोय, सूं सूं आवाज येतो. मी वर गेलो, कान लावला, काही नाही. साबणाचं पाणी करून सिलिंडरच्या तोंडाला, नळीला, शेगडीला फासलं, बुडबुडा नाही. खाली येऊन गाडी चालू केली, कामाला लागलो, की पाच मिनिटांनी ही जिना उतरून माझ्यासमोर हजर: येतोय आवाज. मी गाडी बंद करून वर. आवाज नाही, हे तीसुद्धा कबूल करायची. पुन्हा खाली, पुन्हा गाडी चालू, पुन्हा ही जिन्यात. शेवटी एजन्सीचा माणूस बोलावला. त्याने नळी बदलली, रेग्युलेटर बदलला आणि जाताना सरलाकडे अशा नजरेने बघितलं की तिने दोन दिवस शेगडी पेटवलीच नाही. आम्ही शेजारणीच्या घरची खिचडी खाल्ली, ती खारट होती. तुम्ही शहाणे आहात, तुम्हाला एव्हाना समजलं असेल. मला समजलं नाही. आवाज गाडी चालू असताना येतो की बंद असताना, हा प्रश्न मी आयुष्यभर प्रत्येक गिऱ्हाइकाला पहिला विचारला, आणि बायकोला विचारला नाही. माझं निदान झालं की बिघाड सरलाच्या कानात आहे. वय झालं, कान वाजतात.

तुम्ही पाणी न पिता गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिला मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. माझं मन थाऱ्यावर नव्हतं; वाटलं, घरातलं एक तरी काहीतरी दुरुस्त करावं. तीन तास रांग. मग तिला काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर डबे चढवले, हातात बटण दिलं, आवाज आला की दाबा. दहा मिनिटांत बाहेर. तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, यांचे कान विशीतल्या पोरीसारखे आहेत. सरलाने माझ्याकडे जसं बघितलं त्याचा कोड कुठल्या डबड्यात निघणार नाही. ती बाहेर बाकावर जाऊन बसली. मग त्या बाई मला म्हणाल्या, काका, आलाच आहात तर तुम्हीही बसा. मी बसलो. काचेतून पलीकडे त्यांचा हात दिसत होता. त्या यंत्रावर बटण दाबायच्या, खांदा जरा हलायचा, की मी माझं बटण दाबायचो. एकही चुकवला नाही. लूमवरची नजर आहे. मनात म्हणालो, छप्पन्नाव्या वर्षी शंभरपैकी शंभर. मग बाईंना काय शंका आली कोण जाणे, त्या आत आल्या आणि माझी खुर्ची भिंतीकडे फिरवली.

पुढचं कसं लिहू कळत नाही. मी बटण धरून बसलो आणि काही आलं नाही. वाटलं यंत्राचा फ्यूज उडाला. मिस्तरी आहे, बघून देतो, असं म्हणायला मागे वळलो, तर बाई काम करतच होत्या, खांदा हलत होता. लूमवर अकरा वर्षं मी देवाकडे एकच मागत होतो, पाच मिनिटं शांतता दे. त्याने ती थोडी थोडी करून कधीच देऊन टाकली होती, मला पत्ता लागू न देता. डॉक्टरीण बाईंनी तक्ता बघून पहिलाच प्रश्न विचारला, उधन्यात लूमवर किती वर्षं होतात? मी लूमचं नावही काढलं नव्हतं. म्हणाल्या, बारीक आवाज गेलेत. शिटी, पाखरं, घरातल्यांचं हळू बोलणं. जाडे आवाज अजून आहेत, तेही हळूहळू कमी होतील. आतली नस गेली ती परत येत नाही, कानाला यंत्र लावा. मी विचारलं, कोड पुसता येत नाही का? त्यांना कळलं नाही, आणि मी समजावून सांगितलं नाही. बाहेर येऊन सरलाला म्हणालो, मळ आहे. रिपोर्ट गॅरेजमधल्या पान्यांच्या खणात सगळ्यात खाली ठेवला. मग मी मोरीत नळ सोडून रडलो, दाजी. नळ चालू आहे ना, ते हात लावून बघावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सरलाला खाली बोलावलं. गाडी चालू केली आणि म्हणालो, तुझा गॅस कुठे गळतो ते दाखव. तिने पदर खोचला, बॉनेटखाली वाकली (एकतीस वर्षांच्या संसारात तिने गाडीला हात लावला नव्हता, तिच्या हिशेबी तेल म्हणजे भजी तळायचं), कान इकडे फिरवला, तिकडे फिरवला, आणि इंजिनच्या मागच्या अंगाला एका रबरी नळीवर खालून बोट दाबलं. इंजिन एकदा हललं आणि सरळ चालायला लागलं. स्कॅनरवरचा आकडा आपल्या जागेवर येऊन बसला. करंगळीएवढी नळी, खालून चिरलेली. त्या चिरेतून इंजिन जास्तीची हवा ओढत होतं आणि सूं सूं करत होतं. पंधरा वर्षांपूर्वी मी ती रस्त्याच्या पलीकडून ऐकली असती. आता गल्लीतल्या सगळ्यांनी ऐकली, मी सोडून. त्या रसवाल्याने मला विचारलं होतं तेसुद्धा हेच होतं (नंतर समोर उभं राहून विचारून घेतलं), काका, आ शेनो अवाज छे, हा आवाज कसला? ज्याला मी बरं बरं म्हणालो. नळी बदलली. आज सात दिवस झाले. पलसाण्याला जाऊन आलो, नवसारीला जाऊन आलो, रसवाल्यासमोर मुद्दाम उभा राहिलो. दिवा नाही.

तर दाजी, हे असं आहे. फोनमध्ये मला नुसती भुणभुण येते. समोरचा थांबला की मी हो म्हणतो. दोन वर्षांत कशाकशाला हो म्हणून बसलोय ते एकेक करून बाहेर पडतंय. (इथल्या खानदेशी मंडळाचा मी उपाध्यक्ष आहे, हे मला आरतीच्या वेळी कळलं.) तुम्ही गाडीचं विचारलंत, मी हो म्हणालो. आणि निघताना तुमची पाठ माझ्याकडे होती, ओठ दिसले नाहीत. मला वाटलं तुम्ही 'येतो' म्हणालात. तुम्ही पुन्हा येणार नाही, याला मी मेलो तरी बरं म्हणणार नाही. माझा राग करा, पण राखी बंद करू नका. माझ्याशी हळू आवाजात, चिडल्याशिवाय बोलणारं आता तेवढं एकच माणूस उरलंय.

घरातल्या सगळ्यांचा नमस्कार. (त्यांनी सांगितलेला नाही, मी धरून लिहितो.)

आमच्या तांब्यातलं पाणी तुमच्या घशाखाली उतरायची वाट बघणारा,
सुपडू

ता. क. गाडी तयार आहे. हे मी या वेळी फोनवर म्हणालेलो नाही, कागदावर लिहून देतोय. कुंदन म्हणतो रविवारी नरडाण्याला नेऊन देतो, म्हणून किल्ली मी लपवलीय. तुम्ही या, पाणी प्या आणि किल्ली घ्या. बोलताना माझ्यासमोर बसा. आणि मिशी जरा कातरून या. तुमचा वरचा ओठ दिसत नाही, त्यामुळे बरीच वर्षं मी तुमच्या निम्म्या बोलण्याला नुसता हसत आलोय.

ता. क. २. खरं काम पुढे आहे. तुमच्या गाडीत सुरतेची आणि गावाकडची माणसं बसतात, आणि तुम्ही वाटभर त्यांना सगळं सांगता. त्यांना सांगा की बिघाड सुपडूने काढला, कान लावून, एका मिनिटात. सरलाचं नाव घेऊ नका. कानाचं तर कोणालाच बोलू नका, कुसुमताईलासुद्धा नाही. घरात कोणाला माहीत नाही. मिस्तरीचा कान गेला हे एकदा फुटलं की माझं गॅरेज म्हणजे गाड्या धुवायची जागा. उत्तर पत्रानेच द्या, पण जपून लिहा. तुमचं बारीक अक्षर मला लागत नाही, सरला वाचून दाखवते.

ता. क. ३. दाजी, मी सरला. पाकीट टाकायला यांनी माझ्याकडे दिलं, डिंक लावायचा राहिला होता. वाचायला नको होतं, वाचलं. कानाचं आम्हाला कोरोनापासून माहीत आहे. तोंडाला फडकी होती तेव्हा यांना कोणाचंच काही कळेना, तेव्हाच आम्ही समजलो. म्हणून घरात सगळे समोर उभं राहून मोठ्याने बोलतो. त्याला हे भांडण समजतात, समजू दे. आम्हाला माहीत आहे हे कळलं तर हे दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये बसणार नाहीत. पान्यांच्या खणातला रिपोर्ट मी बघितला आणि होता तसा ठेवला. कुसुमताईंना राखीच्या पंधरा दिवस आधीच पाठवा. पाच वर्षांत माझा घसा पार बसलाय, रुपालीला पाचवा महिना आहे, तिला आता ओरडवत नाही. ताईंना त्याचं काही वाटत नाही. तुम्हीही या, पाणी नाही, जेवूनच जा. आणि उत्तरात यांनी सांगितलंय तसंच लिहा, की बिघाड यांनीच काढला, कान लावून. पत्र मीच वाचून दाखवणार आहे. मोठ्याने वाचावं लागतं, सगळ्या गल्लीला ऐकू जातं.